दोन राशी मीठ

मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पावसाआधीची पुरुमेंताची खरेदी असते ना. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, घाटावरचे कांदे आणि मीठ. आता पॅकेटचं मीठ वर्षभर दुकानात मिळतंच, पण चेपणीची तोरं, म्हणजे मिठात मुरवायच्या कैऱ्या, घालायची तर जाडं मीठच लागतं असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे, त्यामुळे दरवर्षी मला पिशवी घेऊन तिथे जावं लागतं. या वर्षी नेहमीच्या मावशीपुढे दोन राशी होत्या. एक करडी, ओलसर, मधे मधे चिखलाचा अंश, आणि दुसरी स्वच्छ पांढरी, खडे सगळे एका मापाचे. मी म्हटलं, हे काय नवीन? ती म्हणाली, "हें आमचें हडफड्याचें, तें भायलें." भायलें म्हणजे बाहेरचं, गोव्याबाहेरून ट्रक भरून आलेलं. आणि आमच्या मिठाचा दर बाहेरच्यापेक्षा जास्त. पायलीमागे चांगलाच जास्त.

मी तिथे उन्हात उभा राहून हिशोब करत बसलो, आणि मागच्या बाईने कोपर मारून पुढे सरकायला लावलं. कुठलं घेतलं ते पुढे येईलच. पण मला तिथल्या तिथे जे आठवलं ते महाराजांचं एक पत्र. अफझलखान, आग्रा, सुरत हे सगळं आपण लहानपणापासून पोवाड्यात ऐकतो, पण हे पत्र माझ्या मते त्या सगळ्याच्या तोडीचं आहे आणि त्यावर कुणी पोवाडा लिहिला नाही, कारण ते मिठाच्या जकातीवर आहे.

१६७१ सालातलं पत्र. कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेलं. भानगड काय होती, तर बारदेशातलं मीठ स्वस्त. म्हणजे हेच, हडफडे-नेरूल बाजूचं, तेव्हा पोर्तुगीजांच्या मुलखातलं. आणि आपल्या मुलखातलं संगमेश्वराकडचं मीठ महाग. घाटावरचा व्यापारी बैल घेऊन खाली उतरला की तो काय भूगोल बघत नाही, दर बघतो, आणि सरळ बारदेशात जातो. महाराज सुभेदाराला सांगतात की बारदेशच्या मिठावर जकात अशी जबर बसव की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे. नाहीतर आपल्या बंदरांवरची उलाढाल बसेल.

मी डिचोलीत मायनिंगच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं काढलेला माणूस आहे, इतिहासाचा अभ्यासक वगैरे अजिबात नाही. पण काट्यावरच्या माणसाला एक गोष्ट लगेच कळते, दर कोण ठरवतो ती. आणि या पत्रात मला जे दिसलं ते हे की इथे जकात तिजोरी भरायला लावलेली नाहीये. उलट जकात इतकी लाव की माल येऊच नये, म्हणजे त्या जकातीचा पैसाही येणार नाही! पैसा बुडाला तरी चालेल पण आपला मीठ पिकवणारा आणि आपलं बंदर उभं राहिलं पाहिजे. सगळीकडे लढाया चालू असताना, खजिन्याला पैशाची सतत गरज असताना हे सुचणं म्हणजे काय चीज आहे ते मला माझ्या धंद्यामुळे जरा जास्त कळतं.

कारण आम्ही गोंयकार ज्या राज्याखाली साडेचारशे वर्षं राहिलो ते बरोबर उलटं राज्य होतं. मी त्याला नाकेदार राज्य म्हणतो. आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, एकदा घेतला, हातचा गेला, परत नोव्हेंबरात घेतला. पुढच्या वर्षी मलाक्का, मग १५१५ मध्ये होर्मुझ कायमचं. नकाशा काढून बघा, ही सगळी नाकी आहेत. पोर्तुगाल केवढा, तर दहा-पंधरा लाख वस्तीचा देश. जमीन जिंकायला माणसंच नाहीत. मग त्यांनी काय केलं, समुद्रावर टोलनाका घातला. कार्ताझ नावाचा परवाना काढला, तो ज्याच्याकडे नाही त्याचं जहाज जप्त. परवान्याची फी किरकोळच, पण परवाना घेतला म्हणजे त्यांच्या बंदराला लागून तिथे जकात भरायची आली, खरा पैसा तिथे. आणि गंमत बघा, अकबरासारखा बादशहा, ज्याच्या एका सुभ्यात पोर्तुगालसारखे दोन-चार देश बसले असते, त्यालासुद्धा मक्केच्या यात्रेकरूंचं जहाज सोडायला हा कागद लागायचा, आणि त्या कागदावर मेरी आणि येशूची चित्रं. बादशहाच्या दरबारात काही लोकांना ते फार लागलं होतं. पण करणार काय, घोडदळ कितीही असलं तरी घोडा पाण्यावर चालत नाही.

तर गोव्याची पहिली मोठी कमाई म्हणजे घोडे. अरबस्तानातून, होर्मुझकडून घोडे यायचे, इथे उतरायचे, आणि विजयनगरला जायचे, विजापूरला जायचे. दोघं एकमेकांशी लढायला घोडे घेणार आणि दोघांकडून जकात खाणार पाखलो, म्हणजे पोर्तुगीज. नाकेदाराची याहून छान सोय काय असणार! पण नाक्याचं एक दुखणं असतं. १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगर पडलं आणि घोड्यांचा धंदा बसला. गिऱ्हाईकच गेलं. ज्याची कमाई दुसऱ्याच्या मालावर आणि दुसऱ्याच्या गरजेवर, त्याचं असंच होतं, एक दिवस सकाळी उठतो आणि रस्त्यावर गाडीच नसते. (हे वाक्य मी कशावरून लिहितोय ते आमच्या भागातल्या लोकांना कळलं असेल, येतो त्यावर.)

नाका ही वस्तू मुळात वाईट नाही हे पण सांगतो. कान्होजी आंग्र्यांनी तेच केलं, आमच्या पाण्यातून जाताय तर आमचं दस्तक घ्या. इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी केलं तर तो कायदा आणि आंग्र्यांनी केलं तर चाचेगिरी. १७२१ मध्ये दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि मार खाऊन परत गेले. रामचंद्रपंत अमात्यांनी लिहून ठेवलंय ना, ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र. शाळेत ते पाठ होतं, अर्थ मला मुरगावला बार्जवर कळला.

आता पोर्तुगीजांवर अन्यायही करायचा नाही मला. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीजवळ फेरीच्या धक्क्यावर उभं राहिलात तर पूर्वी त्याच काठाला त्यांची गोदी आणि आर्सेनाल होतं, आणि तिथे सागवानाची अव्वल जहाजं बांधली जायची, बांधणारे सुतार बहुतेक आपलेच. दमणला तर १८४३ मध्ये त्यांनी एक शिडाचं फ्रिगेट बांधून घेतलं, ते आजही लिस्बनसमोरच्या काठावर जपून ठेवलंय. म्हणजे हात इथे होते, लाकूड इथे होतं. पण आलेला पैसा कशात गेला? चर्चच्या सोन्याच्या वेदीत, आणि लिस्बनमार्गे दुसऱ्यांच्या खिशात. १७०३ मध्ये त्यांनी इंग्लंडशी तह केला, तुम्ही आमची वाईन घ्या आम्ही तुमचं कापड घेतो. ऐकायला बरोबरीचा सौदा. पण वाईन करून माणूस वाईनच करायला शिकतो, आणि कापड विणता विणता इंग्लंड पुढे यंत्रं करायला शिकलं. ब्राझीलच्या खाणीतलं सोनं लिस्बनला उतरायचं आणि कापडाचं बिल भरायला लंडनला जायचं. पोर्तुगाल स्वतःच्याच सोन्याचं जकातनाकं झालं.

याचा शेवटचा अंक आमच्याच मुरगावात झाला. डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य आत शिरलं तेव्हा गोव्यात पोर्तुगालची एकच मोठी युद्धनौका होती आणि तिचं नाव होतं आफोन्सो द आल्बुकेर्क. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्याने गोवा घेतला त्याच्या नावाची नौका गोवा जाताना निकामी होऊन किनाऱ्याला रुतली, हा योगायोग लोक सांगतात. मला त्याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. ती नौका पोर्तुगालने बांधलेलीच नव्हती. इंग्लंडमध्ये बांधलेली, १९३० च्या दशकातली. आणि तिच्यावर तोफा डागणाऱ्या आपल्या बेतवा आणि बियास? त्याही इंग्लंडमध्येच बांधलेल्या. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ती कॅनबेरा विमानं, तीही मूळची इंग्लंडची. म्हणजे मुक्त झालो आपण, हरला पोर्तुगाल, आणि दोन्ही बाजूंची बिलं फाडली होती इंग्रजांनी. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे, त्यांनी सारमानसच्या धक्क्यावरून लांबचे धमाके ऐकले असं ते सांगायचे, त्यांना वाटलं खाणीतले सुरुंग.

आता आपली बाजू. स्वराज्यात मिठाची अक्कल होती पण तोफेची नव्हती असं मला म्हणावंसं वाटतं, शिव्या द्यायच्या त्यांनी द्या. तोफा आणि दारूगोळ्यासाठी आपण कायम टोपीकरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. महादजी शिंद्यांनी पुढे फार मोठी उडी मारली, द बॉइन्य या युरोपियन सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना काढला. तोफा उत्तम निघाल्या. पण पलटणींचे अधिकारी युरोपियन, आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी जुंपली तेव्हा त्यातले बरेच ऐन वेळी पलीकडे गेले नाहीतर निघून गेले. असईच्या रणात आपले गोलंदाज तोफांपाशी जागेवर मेले, हटले नाहीत. माणूस कमी पडला नाही, मधली फळी कमी पडली. फोरमन म्हणा, इंजिनियर म्हणा, जो भाडोत्री नाही आणि ज्याला काम आतून येतं तो.

आणि दुसरं दुखणं कर्जाचं. पहिल्या बाजीरावाची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं आहेत, सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजायची वेळ आली अशा अर्थाचं लिहिलंय त्यात. हिंदुस्थानभर ज्याच्या घोड्यांची धूळ त्याची ही अवस्था! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या ट्रकाचे तीन हप्ते थकलेले होते आणि मला रात्री दीड वाजता एकदम बाजीराव आपल्या वाड्यावरचा कुणीतरी वाटला. पण बाजीरावाचं कर्ज हे बाजीरावाचं होतं, त्याच्या शब्दावर, त्याच्या मोहिमेवर. मोहीम फसली की सावकार दारात. इंग्लंडने १६९० मध्ये फ्रेंचांकडून समुद्रात सडकून मार खाल्ला आणि चार वर्षांत बँक ऑफ इंग्लंड काढली, लोकांकडून १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी उचलले सरकारच्या नावावर, व्याज कुठल्या कराच्या उत्पन्नातून देणार तो कर आधी पार्लमेंटात बांधून ठेवला, आणि त्या पैशातून आरमार उभं करायला घेतलं. राजा मेला तरी कर्ज मरत नाही, म्हणून सावकार निवांत, म्हणून व्याज कमी, म्हणून पुढच्या लढाईला परत पैसा. युद्ध म्हणजे तलवार वगैरे ठीक आहे पण शेवटी ज्याला कमी टक्क्याने लोन मिळतं तो दुसऱ्याला दमवतो. ज्याने जप्तीची नोटीस हातात धरली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तर ट्रक. सांगतोच आता.

बाबा बार्जवर होते. सारमानसला माती भरायची, मांडवीतून खाली मुरगावला न्यायची, पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत. आम्ही लोहखनिज असं कधी म्हटलंच नाही, मातीच. पन्नासच्या दशकात भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती तेव्हा बाजारात हॉलंडचे बटाटे आणि जपानचं सिमेंट मिळायचं, आणि जपानची बोट परत जाताना माती घेऊन जायची. त्यांनी इथे यंत्रसामग्रीसाठी उसनवारी दिली, खोरी-घमेल्यांच्या जागी फावडी-मशीन आली, फेड मातीतून. लोकांना वाटलं काय मूर्ख लोक आहेत, माती विकत घेतात.

त्या मातीचं त्यांनी काय केलं ते नीट बघायला पाहिजे. जपानकडे लोखंडाची खाण नाही म्हटली तरी चालेल, पोलादाच्या भट्टीला लागणारा कोळसा पण तसलाच. युद्धात देशाची राख झालेली. १९५० मध्ये त्यांचं पोलाद ४८ लाख टन. मग त्यांनी समुद्र भरून काढून काठावरच कारखाने उभे केले, चिबाची भट्टी १९५३ मध्ये पेटली, बोट थेट कारखान्याच्या दारात लागणार, मधे रेल्वे नाही ट्रक नाही. त्याच पोलादाच्या मोठमोठ्या बोटी बांधल्या म्हणजे माती आणायचं भाडं अजून उतरलं. १९५६ मध्ये जहाजबांधणीत ब्रिटनला मागे टाकलं. १९७३ मध्ये पोलाद जवळजवळ १२ कोटी टन. तेवीस वर्षांत पंचवीस पट. आमचे बाबा तोवर खलाशाचे तांडेल झाले.

कोरियाचं तर अजून भारी. जागतिक बँकेच्या लोकांनी सांगितलं पोलादाचा कारखाना तुम्हाला झेपणार नाही, तर जपानकडून त्यांच्या राजवटीची भरपाई म्हणून जो पैसा मिळाला होता तो त्यांनी पोहांगच्या कारखान्यात घातला, वाटून खाल्ला नाही. आणि जहाजाचा यार्ड काढायला ह्युंदाईचा मालक इंग्लंडला कर्ज मागायला गेला तेव्हा हातात यार्ड नाही, अनुभव नाही, म्हणून त्याने खिशातून ५०० वॉनची नोट काढून दाखवली असं सांगतात, तिच्यावर सोळाव्या शतकातल्या कासव-नौकेचं चित्र. आम्ही तुमच्याआधी लोखंडी पत्र्याची नौका बांधलीय म्हणे! खरंखोटं किती कोण जाणे पण यार्ड आणि त्यातली पहिली जहाजं एकाच वेळी बांधायला घेतली हे खरं, १९७४ मध्ये पहिलं दिलंसुद्धा. आता आपल्याकडे सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, आपण तिथे काय काढतो तर फोटो. मी पण काढलेत.

मग चीन. २००० साली त्यांचं पोलाद तेराएक कोटी टन, दहा वर्षांत त्रेसष्ट कोटींच्या वर. आमची माती हलक्या ग्रेडची, ५८ टक्क्यांच्या खालची, ती आपल्या देशातल्या भट्ट्यांना फारशी नको असायची, पण चीनच्या भट्ट्यांनी ती चांगल्या मातीत मिसळून चालवायचं तंत्र बसवलं. आणि एकदम असं झालं की आमच्या आधीच्या पिढीने फेकून दिलेले डंप, ज्यावर आकेशिया वाढली होती, ते उकरून विकायला लागले. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास माती गोव्यातून गेली. काट्यावर माझ्यासमोर रांग, ट्रकामागे ट्रक, ड्रायव्हर खाली उतरत नाही, चलन खिडकीतून, पुढचा, पुढचा. घरची तुळस लाल. धुतलेलं पांढरं धोतर बाबा वाळत घालायचे ते घरात, पंख्याखाली. आणि मी, जो रोज दर बघत होतो, वजन बघत होतो, ज्याला सगळ्यात आधी शहाणपण यायला हवं होतं, त्याने २०११ मध्ये बायकोच्या नावावर लोन काढून टिप्पर घेतला.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल, मग सुप्रीम कोर्ट. मधे थोडं चालू झालं, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद, ८८ लीज रद्द. चूक कोर्टाची नव्हती, जे चाललं होतं ते लुटीचंच चाललं होतं, आणि त्या लुटीत माझं पण चाक होतं, दहा चाकं खरं तर. तालिकोटनंतर जुन्या गोव्यातल्या घोड्यांच्या दलालाला कसं वाटलं असेल ते मी दारात उभ्या टिप्परकडे बघत सात वर्षं अनुभवलं. हौद्यात पावसाचं पाणी साचून बेडूक झाले होते. शेवटी भंगारात काढला, किलोवर. भंगारवाल्याचा काटा माझ्या काट्यापेक्षा लहान होता आणि मी सवयीने त्याचा आकडा दोनदा तपासला.

काट्यावर हिशोब केला तर दिसतं ते असं की मातीचा पैसा तसा आला बऱ्यापैकी. बंगले झाले, गाड्या झाल्या, डिचोलीत सोन्याची दुकानं झाली. पण एवढ्या वर्षांत आपण मातीपासून पुढची पायरी किती चढलो? आम्ही नाकेदाराचीच पोरं निघालो. आता माती नाही तर कसिनोच्या बोटी, पर्यटक, येणाऱ्या-जाणाऱ्यावर जगायचं.

एकाच ठिकाणी जरा वेगळं दिसतं मला, आणि ते माझ्या भाच्यामुळे. तो वास्कोला शिपयार्डमध्ये वेल्डर आहे, कंत्राटदाराकडे. मुळात पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये काढलेली ती गोदी, तिथे आता रशियन आराखड्याची फ्रिगेट बनतायत, त्यातली त्रिपुट २०२४ च्या जुलैत पाण्यात उतरवली. त्या दिवशी भाचा आमच्याकडे जेवायला आला. जेवताना सांगत होता की जहाजाच्या पत्र्याला साधा वेल्ड चालत नाही, आधी पत्रा ठरावीक तापमानाला तापवायचा, मग रॉड, आणि रॉडसुद्धा भट्टीत कोरडा केलेला, गोव्याची हवा दमट ना, दमट रॉडने शिवण केली की आत केसासारखी चीर राहते, वरून दिसत नाही, एक्स-रेमध्ये सापडते. सापडली की पूर्ण शिवण खरवडून परत. त्याने ताटातल्या भातावर बोटाने रेघ ओढून दाखवली शिवण कशी जाते ती. मी बावीस वर्षं कोट्यवधी टन तोललं पण त्यातलं एवढंसं पण मला सांगता येत नाही, कारण मला फक्त वजन माहीत होतं.

मी त्याला विचारलं, पत्रा कुठला? म्हणाला आपलाच, आता युद्धनौकेचं पोलाद इथे बनतं. मी नंतर वाचलं, विक्रांतच्या वेळी बाहेरून पोलाद वेळेत मिळेना म्हणून आपल्या लोकांनी ते इथेच विकसित केलं, सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांनी सुमारे ३० हजार टन दिलं, तेव्हा कुठे ती २०२२ मध्ये नौदलात आली. अडलं म्हणून शिकलो. आणि इंजिन? भाचा हसला. आराखडा रशियाचा, पण गॅस टर्बाइन युक्रेनचं. २०१४ मध्ये दोघांचं बिनसलं तेव्हा युक्रेनने रशियाला इंजिन द्यायचं बंद केलं आणि रशियाच्या स्वतःच्या अर्ध्या बांधलेल्या नौका इंजिनाशिवाय पडून राहिल्या. मग आपण मधे पडलो, युक्रेनकडून इंजिनं विकत घेतली, रशियाला पोचवली, तिथे आपल्या तुशिल आणि तमाल या फ्रिगेट त्यावर झाल्या. एवढा मोठा देश, अणुबॉम्ब बाळगून, आणि एका शेजाऱ्याच्या कारखान्याने हात वर केले तर त्याचं जहाज धक्क्यावरून हलत नाही. आपण तरी कुठे मोठे शहाणे, कावेरी नावाचं विमानाचं इंजिन ऐंशीच्या दशकापासून करतोय. पण भाच्याची ती भातावरची रेघ बघून मला पहिल्यांदा वाटलं की इथे काहीतरी उरतंय, जे बोटीत भरून जात नाही.

परत मिठाकडे येतो, कारण मावशी अजून पायली हातात धरून उभी आहे.

आईचं माहेर आगरवाडा, पेडण्यात, शापोरा नदीच्या उत्तरेला. नदीच्या अलीकडे बारदेश, पाखल्यांचं, आणि पेडणं त्यांच्याकडे आलं ते एकदम १७८८ मध्ये, त्यामुळे महाराजांच्या पत्राच्या वेळी माझ्या आजोळाच्या आणि बारदेशाच्या मधे जकातीची हद्द असणार असं मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला त्याला आता हद्दीशी काही देणंघेणं नाही, मानशीचं, म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं, दार कुजलंय ते बदलायला माणूस मिळत नाही. मामाचं मिठाचं आगर सहा कुंड्यांचं, म्हणजे वाफ्यांचं, उरलंय. दिवाळीनंतर पाणी उपसायचं, तळ पायांनी तुडवून गुळगुळीत करायचा, भरतीचं पाणी घ्यायचं, आणि फेब्रुवारीपासून सकाळी उन्हं चढायच्या आत लाकडी फळीने मीठ ओढायचं. ओढताना जोर जास्त झाला की खालचा चिखल वर येतो, म्हणून आमचं मीठ करडं. पावसाचा एक अवकाळी सडाका आला की सगळं पाणी.

त्याच्या पणजोबांच्या वेळची एक म्हण घरात होती, इंग्रजाने मीठ नेलं. मला वाटायचं काहीतरी चोरीची गोष्ट असेल. ती १८७८ च्या तहाची आहे हे फार उशिरा कळलं. इंग्रजांचा मिठावरचा कर एवढा जबर की चोरटं मीठ येऊ नये म्हणून त्यांनी हिंदुस्थानच्या मधोमध काटेरी कुंपण घातलं होतं आणि त्यावर सुमारे १२ हजार माणसं पहाऱ्याला. मग त्यांच्या लक्षात आलं की कुंपण राखण्यापेक्षा मीठ जिथे पिकतं ती ठिकाणंच हातात घ्या. राजपुतान्यातलं सांभर सरोवर घेतलं, आणि इकडे पोर्तुगालशी तह. गोव्याची मिठाची आणि जकातीची सूत्रं इंग्रजांकडे, बदल्यात पोर्तुगालला वर्षाला ४ लाख रुपये आणि मुरगावची रेल्वे-बंदराची योजना. १२ वर्षं. आगरांवर इंग्रजांचे अंमलदार, किती पिकवायचं ते त्यांनी ठरवायचं, कर एवढा वाढला की मासळी खारवायला परवडेना. १८७९ मध्ये ते कुंपण काढून टाकलं, गरजच राहिली नाही. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी एकाने बाहेरच्या मिठावर जकात बसवली आपलं आगर जगवायला, आणि यांनी आपलंच आगर विकलं, चार लाखाला, कारण नाकेदाराला आगर आणि रेल्वे सारखंच, ज्याचं भाडं जास्त ते बरं.

"घेता मूं?" मावशीने विचारलं. मागे रांग झाली होती, ऊन डोक्यावर, आणि मला अजून कांदे घ्यायचे होते.

मी पांढरं घेतलं. दोन पायल्या.

घरी आल्यावर बायकोने पिशवी उघडली, एक खडा जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. तोरं घातली तिने त्याच मिठात, बरणीवर फडकं बांधलं, आणि मग मामाला फोन लावून सांगितलं की पुढच्या वर्षी आमच्यासाठी दोन पायल्या बाजूला काढून ठेवा, हे बाजारात गेले की काय घेऊन येतील सांगता येत नाही. मामा पलीकडून मोठ्याने म्हणाला, आधी मानशीचं दार बघा म्हणावं त्याला.